दोन फांद्यांची लूट

१२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत हे आधी विचारायचं असतं, म्हणून विचारतो. पण उत्तर नंतर दे, आधी माझं ऐक. मी मोठा घोळ घालून बसलोय.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी टायपिंग आणि भाषांतराच्या दुकानात बसतो, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या आठवड्यात एक रोपवाटिकावाले आले. शेजारच्या मुलीने त्यांच्या झाडाच्या दोन फांद्या कापून नेल्या होत्या. ती बागकामाच्या शाळेत शिकते, म्हणून तिथल्या प्राचार्यांना इंग्रजीत तक्रार पाठवायची होती. ते बिचारे नुसतं चोरी, चोरी म्हणत होते. पण त्यांचा लालबुंद चेहरा बघून माझंच डोकं फिरलं. 'थेफ्ट' मला अगदीच मिळमिळीत वाटला. शब्दकोश उलटापालटा करून मी 'प्लंडर', म्हणजे थेट लूट, शोधून काढला आणि ठोकून दिला. वाचून दाखवल्यावर गृहस्थ इतके खूश झाले, की दोनदा वाचायला लावलं.

आज तेच पत्र घेऊन कोण यावं? जिच्यावर मी तुला चार पानं लिहिली होती, ती. सकाळी दुकानावरून जाते, नखांत माती असते, ती. तिचं नाव आधी माहीत असतं तर तक्रार टाइप करताना हात थबकले नसते का? तिला उत्तर टाइप करून हवंय. पुढच्या शनिवारी प्राचार्यांनी बोलावलंय, शाळेतून नाव कमी करतील म्हणून तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिने मला त्या शब्दाचा अर्थ विचारला आणि मी, तुझा शूर भाचा, मंगळवारी या म्हणून मोकळा झालो.

आता काय करू? बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते तसेही माझ्याशी बोलत नाहीत.

लोभ कमी करू नकोस, आत्ताच तर खरी गरज आहे.
तुझा,
वाया गेलेला भाचा

१५ जून

चि. तापटरावांस,
अ. उ. आ.

गुडघे बरे आहेत. तुझ्या पत्राने डोकं दुखलं.

तीस वर्षं कोर्टात भाषांतरं केली, त्यातलं थोडं ऐक. मालकाची पाठ वळल्यावर उचललं तर थेफ्ट. समोर उभं राहून, धाक दाखवून हिसकावलं तर रॉबरी. कुलूप फोडून आत शिरलं तर बर्गलरी. विश्वासाने सोपवलेलं गिळलं तर एम्बेझलमेंट. कचेरीतल्या पेन्सिली पर्समध्ये घालणं हे पिल्फरिंग, ते मी स्वतः केलंय. प्लंडरला मात्र फौज लागते रे, निदान पेटलेला जमाव तरी. तुझ्या त्या मुलीकडे एक कात्री होती.

मी कागदाला हात लावण्याआधी माणसाला विचारायचे: वस्तू नेताना तुम्ही कुठे होता, नेणाऱ्याने काही विचारलं का, तुम्ही काय म्हणालात? शब्द त्यानंतर. तू शब्द आधी घेतलास आणि मुलगी त्यात कोंबलीस. कॉलेजातही तेच केलंस. सर काय म्हणतायत हे पुरतं ऐकण्याआधी ओळखपत्र टेबलावर आपटून आलास.

आधी तिला खरं सांग. मग रोपवाटिकेत जा. शनिवारी प्राचार्यांसमोर तू स्वतः उभा राहा. दादाला मी काही बोलणार नाही. तोच रोज फिरवून फिरवून तुझी चौकशी करतो.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी,
आत्या

२५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मंगळवारी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की एवढा मोठा शब्दकोश असून 'घेतल्या' एवढा साधा शब्द सापडला नाही का. कानशिलं तापली, उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं.

मग रोपवाटिका. तुझे प्रश्न विचारले तेव्हा गृहस्थ घुटमळले. तिने समोर येऊन विचारलं होतं. हे फोनवर होते, नुसता हात हलवला. तो हात 'घे' म्हणाला की 'जा', ते त्यांनाही सांगता येईना. खरं दुखणं निराळंच निघालं. त्या फांद्यांनी तिच्या कुंडीत मूळ धरलं, पालवीही फुटली. यांची त्याच झाडाची सगळी कलमं वाळली. याला इंग्रजीत काय म्हणतात, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी आता शोधणार नाही. तक्रार मागे घेतल्याचा कागद त्यांनीच सांगितला, मी एक अक्षर न घालता टाइप केला.

शनिवारी प्राचार्यांना सांगितलं, की तो शब्द माझा, रोपवाटिकावाल्यांचा नव्हे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, तिला फांदीला काप नेमका कुठे घेतलास एवढंच विचारलं आणि वर्गात पाठवलं. नाव शाबूत आहे.

काल ती स्वतःच्या प्रात्यक्षिकाची सहा पानं टाइप करायला देऊन गेली. ताकीद अशी, की शब्द तिचेच राहिले पाहिजेत. चौथ्या पानावर मला एक चूक दिसली. पूर्वीचा मी असतो तर सुधारून वर नटवली असती. मशीन सोडून धावत बसथांब्यावर गेलो आणि तिला विचारलं. चूक नव्हतीच. फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, कुठे सोडायचा आणि काप किती तिरका घ्यायचा, हे तिने मला तिथेच बोटांनी समजावून सांगितलं.

आत्या, तिच्या दोन बस निघून गेल्या.

बाबांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
भाचा