वळचणीखाली दोघं

रिठद, ४ फेब्रु. १९७५
आज कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी एक शब्द फोडून सांगितला. ईव्ह्जड्रॉपिंग. म्हणजे चोरून ऐकणं. जुन्या काळी इंग्लंडात छपराचं पाणी जिथं गळायचं, तिथं भिंतीला चिकटून लोक आतलं बोलणं ऐकत. म्हणजे आपली वळचणच की! तिकडं हा गुन्हा होता म्हणे. हसू आवरेना. आमच्या गावात मग सगळ्या बाया तुरुंगात.
वाशीमची बस आजही उशिरा.

५ फेब्रु.
रविवारी मला बघायला पाहुणे. मुलगा शिरपूरला मास्तर. बाबांना म्हटलं, "मले बी.ए. पुरं करू द्या." बाबा उठून गोठ्यात गेले. आई म्हणे, "मंग पाहू." एकच वर्ष उरलंय! रागानं जेवले नाही. नंतर जेवले, वांग्याची भाजी होती.

९ फेब्रु., रवि.
पोहे, चहा, नाव-गाव झालं. पुरुष पुढच्या खोलीत बोलायला बसले. मी मागच्या दारानं बाहेर. वळचणीखाली, कान भिंतीला. मुलाचे वडील म्हणत होते, "लग्नानंतर कॉलेज कायले?" सरकत सरकत कोपऱ्यापाशी गेले तर तिथं मुलगाच! हात धुवायच्या निमित्तानं उठलेला, नि उभा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. आत आई नि मामी त्याच्याबद्दलच बोलत होत्या.
"तुमी इथं?"
"घर आमचं आहे."
"मामी म्हणून राह्यल्या, माह्ये कान मोठे आहेत."
"आहेतच." (मी असं बोलले? बोलले.)
हसला. मग म्हणाला, "बी.ए. करायचंच आहे?"
"हो."
"मंग मोठ्यानं बोलतो. ऐका."
आत गेला. भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं, "बाबा, तिचं एक वर्ष बाकी आहे. ते झाल्यावरच लग्न." त्याचे वडील खाकरले. म्हणे, घरी बोलू.
काय आनंद झाला! गोठ्यात जाऊन एकटीच हसले. म्हैस बघत राहिली.

१३ फेब्रु.
शिरपूरहून माणूस निरोप घेऊन आला. वर्षभर थांबायला तयार! आईनं शेजारी साखर वाटली. संध्याकाळी बाबांनी जवळ बसवलं. "पोरी, त्याइले चालते. तुले चालते काय?"
असं मला कुणी विचारेल, हे ध्यानीमनी नव्हतं. भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. मी म्हटलं, "उद्या सांगीन."
"सांग आरामात," बाबा म्हणाले.
मुलगा मनात भरलाय, कानांसकट. पण मला विचारलं, यातच आज इतकी खूश आहे की काय सांगायचं ते अजून ठरवलेलंच नाही.