पंधरा मिनिटांची उभी बैठक

३ जून, सोमवार. सकाळी ७
आजपासून मी स्क्रम मास्टर, म्हणजे टीमचं काम सुरळीत चालवून देणारा. दोन दिवसांचा कोर्स, शेवटी परीक्षा, पंच्याऐंशी टक्के. शाळेत इतके कधी पडले नव्हते. परवापर्यंत तळमजल्यावर बसून कुठल्या टेबलावर कुठला कॉम्प्युटर आहे त्याचं रजिस्टर भरत होतो. आता तिसऱ्या मजल्यावर माझी टीम. पाच जण. काम: एका हॉस्पिटलसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर. पेशंटला घरबसल्या कळलं पाहिजे, आपला नंबर कधी येणार. मुदत सहा आठवडे, म्हणजे दोन-दोन आठवड्यांचे तीन स्प्रिंट. मोठे साहेब स्वच्छ म्हणाले, जमलं तर ही जागा कायमची तुमची. नाहीतर परत रजिस्टर.
परत रजिस्टर? एक्कावन्नाव्या वर्षी? मेलो तरी नाही.
संकल्प. एक, हुकूम सोडायचा नाही. स्क्रम मास्टर टीमचा सेवक असतो. दोन, रोजची स्टँडअप पंधरा मिनिटांत. लोकांनी लांबण लावू नये म्हणूनच ती उभ्याने घेतात. तीन, टीमच्या वाटेतला प्रत्येक अडथळा मी जातीने दूर करणार.

३ जून. संध्याकाळ
स्टँडअप झाली. एक तास दहा मिनिटं. पहिलाच दिवस, पाया घालावा लागतो. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पाचही जणांचं मिळून नऊ मिनिटांत आटपलं. बाकीचा वेळ मी सेवाभावावर बोललो. टीम जरा घुमी आहे. सगळ्यात जुना प्रोग्रॅमर, ज्याला सगळे दाढी म्हणतात, तो पन्नासाव्या मिनिटाला भिंतीला टेकला. आमच्या वेळी असं नव्हतं.

४ जून, मंगळवार
कामांचे अंदाज. सगळ्यांनी एकदम आकड्याचं कार्ड दाखवायचं; आकडा मोठा तर काम मोठं. पहिल्याच कामाला पाचही जणांनी आठ दाखवलं. मी म्हटलं, तीन. आत्मविश्वास हवा की नको? चाळीस मिनिटं चर्चा. शेवटी दाढी म्हणाला, तुम्ही म्हणताय तर तीन. सर्वानुमते तीन. स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी टीम म्हणतात ती हीच.
आधी काय बनवायचं ते ठरवायचा हक्क प्रॉडक्ट ओनरचा. त्या म्हणजे सिस्टर. बावीस वर्षं त्याच हॉस्पिटलात नर्स होत्या, सगळे अजून सिस्टरच म्हणतात. त्यांचं म्हणणं, पहिल्यांदा नुसता नंबर दिसू द्या, ताप अंगावर घेऊन माणसं तीन-तीन तास बाकावर बसतात. मी सुचवलं, नंबरच्या आधी रोज एक सुविचार दाखवू या. तर म्हणाल्या, मास्तर, तापात सुविचार सुचत नाही हो कुणाला. मी त्यांना सांगितलं, मास्तर नव्हे, मास्टर.
नंतर दाढीला बाजूला घेऊन सुविचाराचं बघायला सांगितलं. हुकूम नव्हे. सूचना.

१४ जून, शुक्रवार
पहिला स्प्रिंट संपला. रिव्ह्यू, म्हणजे झालेलं काम सगळ्यांना दाखवायचं. सुविचार दिसतात, अकरा रंगांत. नंबर दिसत नाही. मी म्हटलं, नव्वद टक्के झालंय. सिस्टर म्हणाल्या, नव्वद टक्के टाके घालून आम्ही पेशंटला घरी सोडत नव्हतो. झालं म्हणजे पुरतं झालं. यावर टेस्टिंग करणारी मौनी हसली. दोन आठवड्यांत स्टँडअपबाहेर तिचा पहिला आवाज, आणि तोही माझ्यावर.
मग रेट्रो. काय चुकलं ते टीमने मोकळेपणाने बोलायचं. कुणी बोलेना. मीच एक तास मोकळेपणाने बोललो.

१८ जून, मंगळवार
युक्ती काढली. अडथळ्यांची पेटी! नाव न घालता चिठ्ठी टाका. संध्याकाळी उघडली. पाच चिठ्ठ्या. चारांवर एकच मजकूर: स्टँडअप फार लांबते. म्हणजे कुणीतरी एकच असंतुष्ट चारदा लिहितोय. चारही अक्षरं वेगवेगळी आहेत, त्या अर्थी भलताच पोहोचलेला असणार. उद्याच्या स्टँडअपमध्ये यावर सविस्तर बोलेन.
पाचवी मौनीची असावी. टेस्टिंगला एक जास्तीचं मशीन हवंय म्हणे, महिनाभर मागतेय, कुणी देत नाही. हात्तिच्या! तसलं मशीन तळमजल्याच्या स्टोअरमध्ये डाव्या कपाटामागे पडून आहे. रजिस्टर माझं तोंडपाठ. दहा मिनिटांत उचलून वर आणलं. असली फुटकळ हमाली करायला थोडाच मास्टर झालोय!

१९ जून, बुधवार
कंबर धरली. मशीन जड होतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारपर्यंत अंथरूण सोडायचं नाही. उभं तर अजिबात राहायचं नाही. बिचारी टीम.

२४ जून, सोमवार. अंथरुणातून
साडेनऊला स्टँडअप फोनवरून घ्यायला फोन केला. कुणी उचलेना. पावणेदहाला दाढीचा उलटा फोन. स्टँडअप झाली म्हणे, अकरा मिनिटांत. म्हटलं, अरे घाईघाईत उरकता काय? तिकडे नुसता हशा ऐकू येत होता, मौनीचासुद्धा. फोन ठेवल्यावर फार वेळ चिडचिड झाली. हिने विचारलं, अहो, पंधरा मिनिटांची बैठक अकरा मिनिटांत झाली तर तुमच्या कंबरेत का कळ येतेय? बायकांना प्रोसेस समजत नाही.

२८ जून, शुक्रवार
आज ऑफिसला गेलो. दुसरा रिव्ह्यू. नंबर दिसतो! सिस्टरनी स्वतःच्या फोनवर लावून पाहिला, बाविसावा. दोनदा चष्मा पुसला. मी सुविचार कुठे गेले ते विचारलं. टीमने काढून टाकले म्हणे. असो. पाया मी घातला, कळस यांनी चढवला. या आनंदात दीड तासाची सभा घेतली.

५ जुलै, शुक्रवार
शेवटचा स्प्रिंट. आता एकच मोठं काम राहिलंय: नंबर जवळ आला की पेशंटला मेसेज जायला हवा. या आठवड्यात काहीच पुढे सरकलं नाही. कारण कळत नाही. रोज तर तास-तास समजावतोय!
मोठ्या साहेबांसाठी भिंतभर तक्ता काढायला घेतला. किती काम उरलं त्याची लाल रेघ, पहिल्या दिवसापासूनची. काम झालं की रेघ खाली येते. लपवाछपवी माझ्या रक्तात नाही, म्हणून माझ्या रजेचे दिवस हिरव्या पट्ट्याने रंगवले.

१० जुलै, बुधवार
मेहुण्याचं घर बदलायचं होतं, काल आणि आज रजा. हिरवा पट्टा उद्या सकाळी जाऊन भरेन. मेसेज जायला लागला, असा दाढीचा निरोप आलाय. मी नसताना नेमकं कसं काय होतं? योगायोग दांडगा.

११ जुलै, गुरुवार
मोठे साहेब आले. तक्ता पाहून खूश झाले. मी छाती काढून उभा. त्यांनी विचारलं, हे हिरवं काय? मी सांगितलं, माझी रजा, काही लपवलेलं नाही. साहेब भिंतीजवळ गेले. रेघेवर बोट ठेवलं आणि डावीकडून सरकवत नेलं. सपाट. सपाट. हिरवं आलं, बोट धाडकन खाली. पुन्हा सपाट. सपाट. पुन्हा हिरवं, पुन्हा खाली. दाढी छताकडे बघत होता, मौनी चपलांकडे. तीन आठवड्यांपूर्वी पेटीतल्या त्या चार चिठ्ठ्या मला काय सांगत होत्या ते तेव्हा मला दिसलं, तेही माझ्याच हाताने, माझ्याच स्केचपेनने काढलेलं.
साहेबांनी हळूच विचारलं, रजा किती साठलीय? म्हटलं, चौसष्ट दिवस. म्हणाले, उद्यापासून सगळी मंजूर. टीम कायम राहील, रोजची बैठक ते आपापसात घेतील. तुमचं मग बघू.
मग बघू म्हणजे काय, ते मला कळतं. पिशवी भरली. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. सिस्टर दारापर्यंत आल्या. आज मास्टर म्हणाल्या. त्याचं जास्तच वाईट वाटलं.

१५ जुलै, सोमवार. दुपार
आज हॉस्पिटलात सॉफ्टवेअर सुरू झालं. सकाळपासून फोन हातात धरून बसलो होतो. ही म्हणाली, अहो, करा ना तुम्हीच. केला नाही. म्हटलं, हेही एक कामच आहे, न करण्याचं.
दीड वाजता दाढीनेच केला. सगळं सुरळीत आहे म्हणाला. दीडशे जणांना मेसेज गेले, बाकं निम्मी रिकामी आहेत, सिस्टर कॉरिडॉरमधून फिरून फिरून रिकामी बाकं मोजताहेत. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. सवयीने विचारलं, काही अडथळा?
दाढी म्हणाला, आता काही नाही, सर.
माणूस सरळ आहे. तो ‘आता’ त्याच्या तोंडून चुकून गेला असावा.
नाही. चुकून नव्हता गेला.