नमुन्याला दिलेला मका

ता. ४ फेब्रुवारी

चि. छकुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र आणि तुझ्या कारखान्याचा करार, दोन्ही पोचले. पत्र दीड पान, करार नऊ पानं; तुझ्यापेक्षा तुझी कंपनी जास्त मायेची दिसते. वडिलांच्या सहा एकरांत पाच वर्षं फक्त तुमचा मका, त्याचं अल्कोहोल, आणि ते गाड्यांच्या टाकीत. आपण तिघांनी सह्या केल्या की अक्का मोकळी, असं तू लिहितेस. ती त्या शेतावर राबते आणि त्याच शेतावर जेवते. तिला नेमकं कशातून मोकळं करायचं, ते नऊ पानांत सापडलं नाही.

आमच्या अणुकेंद्रात झडप फिरवण्याआधी हुकूम मोठ्याने वाचतात, ऐकणारा तो जसाच्या तसा परत म्हणतो, मगच हात लावतात. मी करारही तसाच तुझ्या वहिनीला वाचून दाखवला. कंपनीच्या बियाण्याशिवाय शेतात एकही दाणा पेरायचा नाही, या कलमाशी ती थांबली. असलं वाक्य आपण दुसऱ्यांदा तोंडातून काढणार नाही, असं म्हणून उठून गेली.

करंगळीच्या पेराएवढ्या आमच्या युरेनियमच्या एका गोळीत गाडीभर कोळशाची धग असते. तुमच्याकडे एक मोठी गाडी पोटभर पाजायला माणसाचं वर्षाचं धान्य आंबवावं लागतं. याला तुम्ही प्रगती म्हणता आणि वर हिरव्या रंगात छापता.

तब्येत सांभाळ. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून करमणूक झाली. वहिनीला सांग, तिच्यासारखी माणसं आमच्या कायदा विभागात हवी होती.

तुझ्या गोळीचं कौतुक लहानपणापासून ऐकते आहे. गोळी विझल्यावर काय, हे मात्र तू कधी लिहीत नाहीस. विझलेलं इंधन तुम्ही पाण्याच्या हौदात बुडवून ठेवता आणि वर्षानुवर्षं त्याच्या उशाशी बसता. तुझी पतवंडंही बसतील. नोकरीची चिंता मिटली. एक केंद्र उभं राहीपर्यंत आमचा मका पंधरा वेळा उगवतो. शिवाय वीज गेली तर पंप चालावेत म्हणून तुमच्या आवारात डिझेलची जनित्रं ठेवलेली असतात ना? कामाची पाळी सुरू होताना तू पंपाला हात जोडतोस, ते अणूला की डिझेलला?

आता आनंदाची बातमी. अक्काकडून मी दहा किलो मका नमुन्यासाठी मागवला होता. चांगला पाठव, असं मुद्दाम कळवलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत चाळीस गावांचे नमुने आले, त्यांत आपला पहिला. साहेबांनी मला बोलावून अभिनंदन केलं. त्या मक्यातून निघालेलं अल्कोहोल छोट्या बाटलीत माझ्या टेबलावर ठेवलं आहे, अगदी पाण्यासारखं स्वच्छ. वडील असते तर खूश झाले असते. सही करून पाठव आणि माझ्यावरचा लोभ तेवढा सहीविना चालू दे.

तुझी,
छकुली

ता. ७ मार्च

चि. छकुलीस,

आशीर्वाद. तीन दिवस अक्काकडे राहून आलो. वाटेत बसमधून तुझा कारखाना दिसला. हिरवं पान रंगवलेल्या फाटकासमोर कोळशाचे सहा ट्रक उभे होते. मका उकळायला कोळसा लागतो, हे पान रंगवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

पण हसू लगेच विरलं. अक्काच्या घरी बियाण्याचा डबा उचलला तर हलका लागला. झाकण काढलं. आत राख आणि चार कडुनिंबाची पानं.

वडिलांचा पांढरा मका आठवतोय तुला? दर हंगामाला ते शेताच्या मधल्या सरींतून स्वतः कणसं निवडत, कोणाला हात लावू देत नसत. ते गेल्यावर अक्काने तेच चालवलं. सदतीस वर्षांचं बियाणं. घरातला खायचा मका मिसळीचा होता. धाकटीने चांगला मागितला, म्हणून तिने होता तो सगळा चांगला दिला. तुझी बाटली त्याचीच आहे. झाकण घट्ट लाव, उडून जाईल.

दोष माझाही आहे. पाठवण्याआधी अक्काने मला कार्ड टाकून विचारलं होतं. काय मागवलंय, किती आहे, काही न विचारता मी उत्तर लिहिलं, की पाठवून दे, धाकटीची हौस फिटू दे. झडपेला हात लावण्याआधी दोनदा वाचणारा माणूस मी. देवासमोर बसलो तरी आता त्याच ओळी आठवतात.

सही केलेली नाही. लोभाचं काय ते तूच ठरव.

दादा

ता. १५ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. पत्र वाचलं.

बाटली सिंकमध्ये ओतली. कोळशाचं खरं आहे, आमचा बॉयलर कोळशावरच चालतो. तुमच्याकडच्या डिझेलचंही खरं आहे. आपण दोघं इतकी वर्षं एकमेकांच्या ज्या अंगणांना नावं ठेवतो, त्या दोन्हींच्या मागच्या दाराने तोच म्हातारा, जमिनीतून उकरलेलं जुनं इंधन, आत येतो.

उद्या तक्रार आली तर असावा म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्यातला अर्धा किलो सहा महिने मोहोरबंद ठेवतो. आपल्या पाकिटावर माझीच सही होती. मी ते फोडलं, नोंदवहीत 'मालकिणीस परत' असं लिहिलं आणि अक्काला रवाना केलं. साहेबांनी विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. त्यांनी लेखी खुलासा मागितला आहे.

एक वाईट गोष्ट आहे. किडे होऊ नयेत म्हणून कोठीतला माणूस पाकिटं बंद करण्याआधी दाणे तापवतो. किती वेळ, त्याला आठवत नाही. त्यातलं काय जिवंत असेल, हे रसायनशास्त्रात बसत नाही. अक्काचं पत्र येईपर्यंत कराराच्या कागदाला हात लावू नकोस. मला मात्र दोन ओळी लिही.

छकुली

ता. ३ एप्रिल

चि. दादा आणि चि. छकुली, दोघांस,

आशीर्वाद. तुमची पत्रं तुम्ही मला वाचायला पाठवलीत. वाचली. जग कशावर चालवावं, याची दोघांना फार काळजी. घरातला डबा कशाचा आहे, हे विचारायला पोस्टाचा खर्च जास्त येत असावा. माझंही चुकलं. मागणारी शिकलेली, सांगणारा शिकलेला, म्हणून मी तोंड उघडलं नाही. पुढे उघडीन.

दाणे विहिरीकडच्या वाफ्यात सगळे लावले. पहिला आठवडा काहीच नाही. नवव्या दिवशी दोन कोंब दिसले. आज अकरा आहेत. बाकीची माती उकरून पाहिली, दाणे मऊ पडलेत. आता येणार नाहीत.

मक्याच्या तुऱ्यातला पराग वाऱ्यावर उडतो आणि दुसऱ्या मक्यात मिसळतो, हे वडिलांनी तुम्हालाही सांगितलं होतं. म्हणून यंदा सहाही एकरांत दुसरा मका लावणार नाही. शेजाऱ्यालाही विनवलं, तो त्याच्या बाजूला शेंगा घेणार आहे. सहीचा प्रश्न तिथेच मिटला. करार सोबत परत पाठवते, कोरा आहे. छकुलीने खुलाशात माझं नाव खुशाल घालावं.

कणसं भरतील तेव्हा दोघं या. निवडायची कशी, ते शिकवीन; मी काही कायमची नाही. भांडण आणलंत तर बांधापलीकडे करा. ही रोपं अजून नाजूक आहेत.

दोघांची,
अक्का