भोपळ्याने चावा घेतलेला नाही, याबाबत

प्रति,
मा. पशुनियंत्रण अधिकारी,
नगरपालिका.

विषय : उद्या शुक्रवारी सकाळी मारण्यात येणारा पिटबुल जातीचा कुत्रा निर्दोष असल्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्याच सहीची सोमवारची तक्रार.

महोदय,

१. अर्जदार पाण्याचे मीटर वाचतो. सोमवारी वसाहतीच्या सचिवांच्या दारातील मीटरचे झाकण उचलताना त्याच्या डाव्या पोटरीचा चावा घेण्यात आला. चावा सचिवांच्या छकुली नामक, पांढऱ्या, उशीएवढ्या कुत्रीने घेतला. अर्जदाराने तिला नीट पाहिले आहे. ती पोटरीला लोंबकळत होती.

२. रक्त पाहून माणसे जमली. त्यांनी अर्जदाराला उचलण्याऐवजी काठ्या उचलल्या आणि थेट फाटकाबाहेरच्या इस्त्रीवाल्या मावशींचा कुत्रा भोपळ्या गाठला. भोपळ्या साखळीला बांधलेला, टेबलाखाली झोपलेला होता. पण पडला पिटबुल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इकडे सचिवांच्या पत्नी छकुलीला कडेवर घेऊन "घाबरलं गं माझं बाळ" म्हणत तिच्या तोंडाचे रक्त पुसत होत्या. ते रक्त अर्जदाराचे होते.

३. दवाखान्यात आपल्या लिपिकाने आणलेल्या तक्रारीवर अर्जदाराने कळवळत, न वाचता सही केली. कुत्र्याच्या रकान्यात "पिटबुल" आधीच लिहिलेले होते. खाली एकतीस साक्षीदार आहेत, पैकी अठ्ठावीस त्या वेळी कामावर होते. विचारल्यावर एकाने "आज नाही तर उद्या चावलाच असता" असे सांगितले. अशा माणसांच्या घरचे पाणी मोजायचीही अर्जदाराला किळस येते.

४. घर बंद असले की मीटर न पाहता मागील सरासरीवरून आकडा टाकायची आमच्या खात्यात रीत आहे. अर्जदाराने अकरा वर्षे तेच केले. तो आकडा पुढच्या महिन्यात दुरुस्त होतो. भोपळ्याचा होणार नाही.

५. काल अर्जदार आपल्या कोंडवाड्यात गेला होता. भोपळ्याने जाळीतून पायाची पट्टी हुंगली आणि तिथेच अंग टाकले. मावशी रोज दोनदा येतात. त्यांना आत सोडत नाहीत, तक्रारदाराची हरकत आहे म्हणे. तक्रारदार अर्जदारच आहे. त्याची हरकत नाही.

६. सबब तक्रार रद्द करावी. तरीही मारायचेच ठरले, तर कारणाच्या रकान्यात "चावा" लिहू नये. "अर्जदाराने न वाचता सही केली" असे लिहावे, आणि ते मावशींना अर्जदारासमोर वाचून दाखवावे.

हा अर्ज दोनदा वाचून सही करणारा,
आपला नम्र,
पाणीमीटर वाचक
दिनांक : १४, गुरुवार

सोबत :
१) पोटरीचे छायाचित्र, शेजारी मापासाठी काडेपेटी ठेवून.
२) फाटलेली पँट. मावशींनी ती मागून घेऊन, धुऊन, इस्त्री करून दिली आहे. दातांची भोके तशीच आहेत.