अंगठ्याचा काळा डाग

माधवनगर, मंगळवार, मार्च १९४६

लढाईपासूनच्या टंचाईत आमच्या सलून मोटारीला टायर मिळाले एकदाचे. पण तुकारामवर ओरडलो, ते मनातून जात नाही.

परवा लेकीला पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून आणायचंय, वाटेत खंबाटकीचा घाट. सांगलीच्या दुकानात काळेभोर, चकचकीत टायर पाहून मी भुललो, चारचौघांत 'फार छान' म्हणून मोकळाही झालो. तुकाराम आमचा ड्रायव्हर, लढाईत लष्कराचे ट्रक चालवून आलेला. त्यानं एका टायरवर अंगठा घासला.

"मालक, ह्ये नगंत. कोपऱ्यातलं धुळीतलं घ्या."

"तुला काय कळतं?" मी ओरडलो.

"ताईसाब बसनार हायत गाडीत." एवढंच बोलला. त्यानं सांगितलेले घेतले, पण घुश्शातच.

परतताना पांढऱ्या स्टिअरिंगवर काळा डाग दिसला. त्याच्या अंगठ्याचा. विचारलं तेव्हा कळलं, ती चकाकी बुटाच्या पॉलिशची होती. खाली रबराला भेगा.

"मग तिथंच का नाही बोललास?"

"आवं, तुमी च्यार मानसांत चांगलं म्हनून बसला व्हता. हसं झालं असतं."

काय माणूस! माझी लाज अंगठ्याखाली झाकून घरी आणली.

गाडीत मी हळूच म्हणालो, "चुकलं माझं." पण ओरडलो होतो चारचौघांत. उद्या त्याला घेऊन पुन्हा त्या दुकानात जायला हवं.