तेरावी मुलगी

६ मार्च
आज नवलच घडलं! मधल्या सुट्टीत उन-चे माझ्या बाकावर येऊन बसली. वर्गात कायम पहिली येणारी उन-चे — गेल्या वर्षभरात तिने माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. आपला गोड चवळीचा पाव मोडून अर्धा माझ्यापुढे ठेवला.
"बोरा, प्रवेश परीक्षेला कुठलं विज्ञान घेतेयस?"
मी भूशास्त्र म्हटलं. आम्ही मागच्या बाकवाल्या सगळ्या तेच घेतो. पाठ केलं की सुटका.
"भौतिकशास्त्र घे ना. शेजारी बसू आपण. अडेल ते मी शिकवीन तुला."
घेतलं! संध्याकाळी आमच्या तयार भाज्या-लोणच्यांच्या दुकानात आईला सांगितलं, तर तिच्या हातातला मुळा हातातच राहिला. म्हणाली, "भौतिकशास्त्र? तुला? तुला तर अजून तराजूचा काटा धड वाचता येत नाही." म्हणू दे. इतकी खूश मी कितीतरी दिवसांत नव्हते.

२४ मार्च
उन-चे पहिल्या बाकावर बसते. तिथून फळा नीट दिसतो म्हणे. अडलेलं विचारायला गेले, तर म्हणाली, "आत्ता शिकवणीला पळतेय गं." ग्वोन सर शिकवतात ते फळ्याला आणि उन-चेला. मला एक अक्षर कळत नाही.

२८ एप्रिल
चाचणीचा निकाल. तेरा जणींत तेरावी.
बारावी आलेली सोन-ह्वा शेजारीच बसते. मी रडवेली झाले, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तुला खरंच माहीत नाही? मग तिने सगळं सांगितलं. एका विषयाला तेरा मुली असतील तरच एकीला पहिली श्रेणी मिळते. बारा असल्या की कुणालाच नाही. यंदा बाराच नावं आली होती. उन-चेला डॉक्टर व्हायचंय, तिला पहिली श्रेणी हवीच. म्हणून तिने तेरावी शोधली. अशी, की जिची भीती नाही.
"चटई म्हणतात आपल्याला," सोन-ह्वा म्हणाली. "आपण खाली अंथरून घ्यायचं, त्यांनी वर बसायचं. मी तर जाणूनबुजून आले. सरांच्या आवाजाने झोप छान लागते."
चटई! अर्ध्या पावात विकली गेले मी!

२९ एप्रिल
सकाळपासून एकच विचार. मी विषय सोडला तर बाराच उरतील. बस म्हणावं मग रिकाम्या हाताने! विचारून आले. मार्चनंतर विषय बदलता येत नाही.
बरंच झालं. पळून जाण्यात कसला आलाय सूड? मला तिची ती एकुलती एक जागाच हवी. तिच्या डोळ्यांदेखत. शिकवणी लावणं आम्हाला जमणार नाही. पुस्तक आहे आणि मी आहे. ती झोपते तेव्हा मी जागीन, ती जेवते तेव्हा मी गणित सोडवीन. तिला वर बसवलं तशी खाली ओढीन.

१३ मे
दुकानामागे, बरण्यांच्या मध्ये पाट मांडून बसते. पहिला धडा कळेना, कारण त्यातलं गणित येईना. ते येईना कारण त्याच्या आधीचं येत नाही. असं मागे मागे जात सातवीच्या पुस्तकापर्यंत पोचले. सतरा वर्षांची घोडी सातवीचे अपूर्णांक करतेय! रडू आलं. आईने विचारलं तर कांदा चिरतेय म्हटलं. समोर कांदा नव्हता. ती एक नासपती कापून ठेवून गेली.

७ जून
कळलं! आई मिठातल्या कोबीवर दगड ठेवत होती आणि मला एकदम दिसलं. दगड कोबीला खाली दाबतो, आणि कोबी दगडाला तेवढ्याच जोराने वर ढकलते. पुस्तकात हे कितीदा वाचलं होतं, डोक्यात शिरत नव्हतं. म्हणजे वर बसणाऱ्याला खालचा सारखा ढकलतच असतो. त्याला पत्ता नसतो, एवढंच.
थांब, उन-चे.

३ जुलै
उद्या परीक्षा. उन-चेची आई दुकानात आली होती, मुलीला आवडते म्हणून कमळकाकडी घ्यायला. मी तिच्या पिशवीत हळूच समुद्री शेवाळाच्या सुपाचा डबा सरकवला. म्हटलं, भेट आमच्याकडून! तेवढ्यात आईने पाहिलं. डबा काढून घेतला, गिऱ्हाईक गेल्यावर पाठीत धपाटा घातला.
"परीक्षेच्या तोंडावर शेवाळाचं बुळबुळीत सूप? ते खाल्लं की परीक्षेत घसरतात म्हणतात. घसरली म्हणजे ती पोर?"
घसरावी म्हणून तर!

१४ जुलै
सातवी. ती पहिली.
सूप पोचायला हवं होतं.

१९ ऑगस्ट
सुट्टी संपली. सगळ्या समुद्रावर जाऊन काळ्या होऊन आल्या, मी बरण्यांमध्ये बसून पांढरी पडलेय. सोन-ह्वा दुकानात आली होती. ते उताराचं गणित तुला येतं ना, मलाही दाखव म्हणाली. मी म्हटलं, आत्ता वेळ नाही गं. ती मुळ्याचं लोणचं घेऊन गेली.

२० ऑक्टोबर
दुसरी! एका गुणाने चुकले.
उन-चे स्वतःहून माझ्या बाकाशी आली. कुठली शिकवणी लावलीस, विचारलं. हे उत्तर मी मे महिन्यापासून घोकत होते.
"तू शिकवणार होतीस ना? वाट बघून कंटाळले, मग स्वतःच शिकले."
कानापर्यंत लाल झाली. त्या एका गुणाचं दुःखच गेलं.

२१ डिसेंबर
पहिली. मी पहिली!!
उन-चे दुसरी. एकच जागा होती, ती माझी. ती शाळेच्या स्वच्छतागृहात कडी लावून रडत होती. मी बाहेर उभी राहून ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. सुडाने पोट भरत नाही म्हणणाऱ्याने तो कधी चाखलेला नसावा. घरी येऊन दोन वाडगे भात जेवले.
ग्वोन सरांनी आज पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. पुढच्या वर्षीही पहिली श्रेणी टिकव म्हणाले, सोलचं अभियांत्रिकी कॉलेज तुझंच. आईने दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं. बटाटे घ्यायला आलेल्या पोस्टमनलासुद्धा!

२६ डिसेंबर
पुढच्या वर्षीची नावं लागली. भौतिकशास्त्राला बारा.
सोन-ह्वाने नाव काढून घेतलं! तिला जिन्यात गाठलं. म्हणाली, "पाठ दुखायला लागली गं चटईची. भूशास्त्र घेतलं मी." मी वाटेल ते बोलले तिला. माझं सोल, माझं वर्षभर मरमर मरणं, आईचं दुकानातलं ते मिरवणं, सगळं हिच्या एका नावापायी!
"उन-चेने तुला निदान अर्धा पाव तरी दिला होता," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.
संध्याकाळी उन-चेचा फोन. तिलाही ती जागा पुन्हा हवीच आहे. म्हणाली, या वेळी परवापर्यंतच नावं देता येतात, कुणाला तरी आण. माझं आता कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील.
मी फोन ठेवून दिला.

२८ डिसेंबर
मागच्या बाकावर नवी मुलगी आलीय, दान-बी. मोक्पोहून आलीय, अजून ओळखी नाहीत, गणितात कच्ची आहे. मधल्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसले. आईच्या हातची कमळकाकडी नेली होती, त्यातली अर्धी तिच्यापुढे ठेवली. प्रवेश परीक्षेला कुठलं विज्ञान घेतेयस, विचारलं. भूशास्त्र म्हणाली.
शेजारी बसू म्हटलं. अडेल ते मी शिकवीन.
किती खूश झाली ती!