शेगडीचा परमिट

२ जानेवारी, गुरुवार

अम्मा दहा तारखेला चिपळूणहून येतेय. गुडघे धरलेत तिचे, थंडी सोसत नाही. सितारा बायकोच्या तोऱ्यात म्हणते, दोह्यात कसली आलीये थंडी, लागलीच तर ऑइल हीटर आणू. साफ नकार दिला. दिवाणखान्यात गॅसची शेगडी असताना हीटर? अख्ख्या अल दुहैलमध्ये अशी शेगडी कोणाकडे आहे? मूळ मालक विलायतेत राहून आलेला, हौसेनं बसवून घेतली. वर चिमणी, मागे भिंतीत पाणी तापवायचा बॉयलर. इलेक्ट्रिक गीझर आल्यापासून बॉयलर बंद.

घराच्या एजंटला फोन केला. म्हणाला, टेक्निशियनने बघितल्याशिवाय शेगडी लावू नका. बॉयलर नुसता बंद करून चालत नाही, आतलं पाणी काढून त्याचं तोंड उघडं ठेवावं लागतं, चिमणीही तपासावी लागते. टेक्निशियन कधी येईल? वीस तारखेनंतर, इन्शाल्ला.

अकरा वर्षं मुशैरिबच्या बांधकाम साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे मी. मला शिकवतोय! बॉयलर रिटायर झाला, शेगडी थोडीच झाली?

३ जानेवारी, शुक्रवार, जुम्म्यानंतर

काम रीतसरच करायचं. जोखमीच्या कामाआधी भरायचा ऑफिसचा वर्क परमिट फॉर्म भरला. अर्जदार: मी. तपासणारा: मी. मंजुरी देणारा: मी. धोका: किरकोळ. उपाय: अनुभवी माणूस हजर (मी). सितारानं विचारलं, तीन सह्या तीन माणसांच्या असतात ना? सांगितलं, घरात तेवढा स्टाफ नाही.

चिमणीची तपासणी केली. रस्त्यावरून, मोबाइलचा झूम लावून. वर कबुतर बसलं होतं. म्हणजे हवा खेळती आहे. टिक मारली.

५ जानेवारी, रविवार

साइटवर कामाआधीचा सेफ्टीचा तास, टूलबॉक्स टॉक, मस्त रंगला. विषय: शॉर्टकट. माझं घोषवाक्य पोरांकडून तीनदा म्हणून घेतलं, 'पाच मिनिटं थांबा, पन्नास वर्षं जगा.' हिंदीत तितकं जमत नाही, पण टाळ्या पडल्या.

संध्याकाळी अलीजा म्हणाली की शेगडीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, त्या गॅसला वास नसतो, शाळेत शिकवलंय. सगळं इंग्लिशमध्ये. बारा वर्षांची आहे, बोलते ऑडिटरसारखी. मी अभिमानाने कपाटातून अलार्म काढून भिंतीवर लावला. पोरगी कोणाची आहे!

९ जानेवारी, गुरुवार

टीव्हीचा रिमोट बंद पडला. मॅच ऐन रंगात. अलार्ममधल्या बॅटऱ्या अगदी त्याच साइझच्या निघाल्या. उद्या एअरपोर्टवरून येताना नव्या आणायच्या. नक्की.

१० जानेवारी, शुक्रवार

अम्मा आली! आंबोशी, कुळीथ, सुकट, आणि माझ्यासाठी हातानं शिवलेली गोधडी. या वयात एवढं ओझं घेऊन कशाला आलीस म्हणून रागावलो. रडूही आलं थोडं. बॅटऱ्या राहिल्या.

११ जानेवारी, शनिवार, मगरिबच्या नमाजानंतर

शेगडी पेटली! बटण अडकतंय, बारीक आचेच्या पुढे जातच नाही. मेलं नेमकं आजच. तरी ज्योत छान पिवळी, ऊबदार. अम्मानं पाय पसरले, गुडघे चोळले आणि मला दुआ दिली, म्हणाली, माझा महमूद किती करतो माझं. सिताराकडे बघितलं. तिनं हीटरचं नाव काढलं नाही.

अलार्म गप्प. म्हणजे सगळं ठीक.

१३ जानेवारी, सोमवार

दोन दिवस संध्याकाळी डोकं ठणकतंय. सिताराचंही. तिच्या मते घरात कोंडल्यासारखं होतं. माझ्या मते सुकट. ऑफिसला गेलं की बरं वाटतं, म्हणजे सुकटच.

शेगडीच्या वर भिंतीवर काळा पट्टा उमटलाय. जुनं घर, चालायचंच. अम्माला मळमळतंय. प्रवासाचा शीण.

१४ जानेवारी, मंगळवार

काय लिहू.

संध्याकाळी विजयकुमार आला. ऑफिसातला मेकॅनिकल इंजिनिअर, सोलापूरचा. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन, अम्माला भेटायला. चप्पल काढता काढता पिवळी ज्योत बघितली, काळी भिंत बघितली, कोचावर मान टाकून पडलेली अम्मा बघितली. तिळगुळाचा डबा हातातून पडला. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. अम्माला त्यानंच उचललं. मी परमिट शोधत होतो. का शोधत होतो, अल्ला जाणे.

हॉस्पिटलात अम्माला चार तास ऑक्सिजन. मास्कमधून तिनं विचारलं, महमूद जेवला का? मी बाहेर जाऊन रडलो.

अलीजानं अलार्म खाली काढून मागचं झाकण उघडलं आणि रिकामा खण मला दाखवला.

१५ जानेवारी, बुधवार

अम्मा घरी. अल्हम्दुलिल्लाह.

विजयकुमार सकाळीच ओळखीच्या टेक्निशियनला घेऊन आला. चिमणीत कबुतराचं घरटं, त्याखाली कोणीतरी सिमेंट लावून डिशची केबल बसवलेली. हवेला जायला बोटभर जागा नाही, म्हणून ज्योत निळी न राहता पिवळी आणि विषारी गॅस घरातच. नंतर शेगडी बाहेर ओढून बॉयलर बघितला. आत पाणी तसंच, आणि पाइपांची दोन्ही तोंडं गच्च बंद. मोठी आच लागली असती तर पाण्याची वाफ होऊन बॉयलर फुटला असता, भिंतीसकट.

म्हणजे ज्या बटणाला मी शिव्या घालत होतो, त्यानं आम्हाला वाचवलं. मी नाही.

तरी एक मुद्दा. परमिटमध्ये 'बॉयलर' असा वेगळा रकानाच नाही. फॉर्ममध्येच गॅप आहे. हेड ऑफिसला लिहावं का?

१६ जानेवारी, गुरुवार

हेड ऑफिसला कळलंय. मी कळवलेलं नाही.

आजचा टूलबॉक्स टॉक विजयकुमारनं घेतला. विषय: बंद केलेला बॉयलर आणि घरातली गॅसची शेगडी. माझं नाव घेतलं नाही, भला माणूस. पण शेवटी पोरांनी आपण होऊन घोषवाक्य म्हटलं. तीनदा. मी पहिल्या रांगेत होतो. हजेरीच्या कागदावर ट्रेनीच्या रकान्यात सही केली. एकच.

१७ जानेवारी, शुक्रवार, सकाळी

ऑइल हीटर आला. सितारानं स्वतःच प्लग लावला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

शेगडीवर माझ्याच किटमधला लाल टॅग लटकतोय. 'वापरू नये.' खाली अलीजाची सही. अलार्ममध्ये त्याच्या बॅटऱ्या परत, रिमोट मेलेला.

अम्मा हीटरजवळ गोधडी घेऊन बसली होती. मग चहा करायला उठली. माझ्यावर तिचा काडीचा राग नाही, मला ठाऊक आहे. किचनमधून तिनं विचारलं, गॅस पेटवू का? मी मोठ्यानं म्हटलं, पेटव की अम्मा, मी आहे ना.

अम्मा थांबून राहिली. मग अलीजा आतून म्हणाली, येस दादी, गो अहेड. तेव्हा कुठे लायटरचा आवाज आला.